लख्ख

मिरजेत पोटाचं बोलायला कुणी लाजत नाही. गावच दवाखान्यांचं. रिक्षावाल्याला नुसतं "पोटाच्या डॉक्टरांकडे चला" म्हटलं, तर तो उलट विचारतो, वरच्या पोटाचे की खालच्या? अशा गावात जन्म काढूनही हर्षदा तांबटने स्वतःच्या आतड्याची तपासणी वर्षानुवर्षं टाळली होती. दुर्बिणीची तिला भीती नव्हती. भीती होती ती आदल्या दिवशीच्या पाण्याची.

तिचा नवरा उमेश त्या पाण्यानेच गेला, असं ती म्हणायची, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. मोठ्या आतड्यात दुर्बीण घालायची तर आतडं आधी रिकामं हवं. ते करायचा जुना रस्ता म्हणजे खारट-गोड पावडर चार लिटर पाण्यात कालवायची, पेल्यामागून पेला घशाखाली लोटायचा आणि संडासाच्या दारात मुक्काम ठोकायचा. उमेशने दोन पेले घेतले, तिसऱ्याला ओकला आणि उरलेलं बेसिनमध्ये ओतून मोकळा झाला. दुसऱ्या दिवशी दुर्बिणीला गढूळ पाण्यापलीकडे काही दिसलं नाही. डॉक्टर म्हणाले, पुन्हा या. तो पुन्हा गेला नाही. गाठ सापडली तेव्हा ती यकृतापर्यंत पोचली होती.

त्यानंतर हर्षदाने डबे सुरू केले. दवाखान्यांत पेशंटजवळ बसलेल्या नातेवाइकांना घरचं जेवण लागतं, आणि तिच्या हाताला चव होती. मुलगी ओवी लग्न होऊन बंगळुरूला गेली. तिथून ती रोज फोनवर एकच टुमणं लावायची: आई, तपासणी कर. पन्नाशीनंतर ही तपासणी आता सगळ्यांनाच करावी लागत होती आणि हर्षदाची पन्नाशी कधीच मागे पडली होती. शेवटी ओवीनेच परस्पर डॉक्टर समीना मोमीनची वेळ घेतली. समीना ओवीच्याच शाळेतली, तिच्या एक वर्ग पुढची. लहानपणी हर्षदाच्या ओट्यावर बसून थालीपीठ खाल्लेली पोर आता पोटाची डॉक्टर झाली होती, पण हर्षदाला अजून काकूच म्हणत होती.

समीनाने तीन पर्याय सांगितले. एक, तीच जुनी पावडर. दोन, मूठभर गोळ्या, पण त्यांनी मूत्रपिंडावर ताण येतो आणि पाणी प्यायचं ते प्यावंच लागतं. तिसरा पर्याय नवा होता. एकच कॅप्सूल. तिच्यात कोट्यवधी जिवाणू होते, प्रयोगशाळेत घडवलेले. आतड्यात उरलासुरला जो चोथा असेल तो ते खाऊन टाकायचे, त्याचं पाणी आणि वायू करून टाकायचे. धावपळ नाही, ओकाऱ्या नाहीत. हर्षदाने विचारलं, मग ते किडे पोटातच राहायचे का? समीना हसली. प्रत्येक जिवाणूच्या पोटात विषाची एक कुपी ठेवलेली आहे, ती म्हणाली. चोथा संपला की त्याला भूक लागते, आणि भूक लागली की कुपी फुटते. सगळे एकदम मरतात आणि सकाळी वाहून जातात. तुमच्या नेहमीच्या जिवाणूंना ते हातही लावत नाहीत.

पथ्य साधं होतं. आदल्या दिवशी मऊ भात, पांढरा ब्रेड, गाळलेलं ताक. दाणे, बिया, साबुदाणा, सालीच्या भाज्या वर्ज्य. का वर्ज्य ते कुणी सांगितलं नाही आणि हर्षदानेही विचारलं नाही. दुर्बिणीला आड येत असेल काहीतरी, असं ती धरून चालली.

घरी येऊन तिने कॅलेंडर पाहिलं, तर आदला दिवस संकष्टी चतुर्थीचा.

एरवी तिने एखादा उपवास सोडलाही असता. पण हा उपवास ओवीच्या बाळाचा होता. ओवीचं पहिलं बाळ चौथ्या महिन्यात गेलं तेव्हा ही पोर भिंतीकडे तोंड करून पडून राहायची, बोलायची नाही, आणि हर्षदाला काय करावं ते सुचायचं नाही. दुसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा तिने गणपतीला शब्द दिला की बाळ हातात येईपर्यंत चतुर्थीला धान्याचा कण खाणार नाही. ओवीला आता सहावा लागत होता. अशा वेळी देवाला दिलेला शब्द मोडून ती भात खाणार होती होय? तारीख पुढे ढकलावी तर ओवी पुन्हा भांडली असती. निर्जळी राहावं तर डबे करताना चक्कर आली असती. मग तिने नेहमीचंच केलं. सकाळी साबुदाण्याची खिचडी टाकली, दाण्याचं कूट सढळ हाताने घातलं, थोडी सकाळी खाल्ली आणि उरलेली गार झालेली दुपारी. संध्याकाळी कॅप्सूल घेतली. पोटात जरा गुडगुडलं, दोनदा संडासला जावं लागलं, एवढंच. उमेशच्या वेळेला हे असतं तर, असं तिच्या मनात आलं आणि डोळे भरून आले.

सकाळी सिस्टरने विचारलं, काल काय खाल्लं? "मऊ भात," हर्षदा म्हणाली. उगाच कशाला वाद?

आणि तपासणी इतकी छान झाली की खोटं बोलल्याची टोचणीही राहिली नाही. समीनाने पडदा तिच्याकडे वळवला. गुलाबी, ओलसर, लख्ख आतडं. कुठे कण नाही की डाग नाही. "पुस्तकातसुद्धा असं आतडं दाखवत नाहीत, काकू," समीना म्हणाली. एका वळणावर द्राक्षाएवढा मांसाचा कोंब होता, तो तिने तिथल्या तिथे कापून काढला. पुढे त्याचा कॅन्सरच झाला असता, हे नंतर कळलं. हर्षदाने देवाला एकवीस मोदक केले.

पुढचे काही आठवडे तिच्या आयुष्यातले सगळ्यात हलके गेले. जन्मभराची आंबट ढेकर गेली. गुडघे दुखायचे थांबले, कारण वजन उतरलं. भिशीतल्या बायका विचारायला लागल्या, काय करतेस गं? ती म्हणायची, काही नाही, भरपूर जेवते. खरंच जेवायची. एकीच्या जागी चार पोळ्या, मग भात, मग डब्यांतून उरलेली उसळ. शिवाय पोट साफ होण्याची कटकटही संपली होती. आधी दोन दिवसांआड जायची, मग आठवड्याने, मग जायची गरजच वाटेना. जन्मभर बद्धकोष्ठाने गांजलेल्या बाईला हे वरदानच वाटलं. पोटात तुंबल्यासारखं काही वाटत नव्हतं. पोटात काही शिल्लकच राहत नव्हतं.

सातव्या महिन्यात ओवी बाळंतपणाला माहेरी आली. आल्या आल्या तिने आईकडे पाहिलं आणि म्हणाली, "किती वाळलीस!" मग स्वतःच पाटावर बसली. तिला अजून मळमळायचं, चमच्याने खाल्लेलं पोटात ठरायचं नाही. आईने दहीभात हाताने कालवून घास दिला की मात्र तो खाली उतरायचा. हर्षदा रोज दुपारी तिच्यासमोर बसून भरवायची. तिच्या मते जगात याहून सुखाचं काम नव्हतं.

डब्यांचंही बरं चाललं होतं. पूर्वी डबे परत यायचे तेव्हा तळाशी थोडी आमटी, अर्धी पोळी, माखलेली चटणी असायची. दवाखान्यात बसलेल्या माणसाला अन्न गोड लागत नाही, हे तिला ठाऊक होतं. आता डबे पुसून, चाटून आल्यासारखे यायला लागले. घासायला घ्यावेत तर घासण्याजोगं काही नसे. लोक दोन पोळ्या जास्त पाठवा म्हणून निरोप धाडायचे. हाताची चव वाढली म्हणायची, असं ती ओवीला म्हणाली.

समीना आली ती भर दुपारी, फोन न करता. स्वयंपाकघरात स्टुलावर बसली, चहा नको म्हणाली. हर्षदाच्या गळ्याची वर आलेली हाडं ती बराच वेळ पाहत होती. ओवी आतल्या खोलीत झोपली होती.

समीनाने सांगितलं ते असं. कॅप्सूल घेतलेल्या काही लोकांची प्रकृती खालावते आहे. खातात खूप आणि झिजत जातात. त्यांच्या आतड्यात ते जिवाणू अजून जिवंत आहेत, नुसते जिवंत नाहीत, वर सरकून लहान आतड्यात शिरलेत, आणि खाल्लेलं अन्न अंगी लागायच्या आधी तेच फस्त करतात. कंपनीने चाचण्या परदेशात केल्या होत्या, पथ्याचा भात आणि ब्रेड देऊन. तिथे असं एकदाही झालं नव्हतं. इथे का होतंय ते कुणाला कळेना. मग समीनाने सहज त्या लोकांच्या तपासण्यांच्या तारखा पंचांगाला लावून पाहिल्या. कुणाची एकादशीनंतरची, कुणाची चतुर्थीनंतरची.

"माझ्या लक्षात यायला उशीर झाला, काकू," ती म्हणाली. "आमच्या रोज्यात दिवसभर पाण्याचा थेंबसुद्धा घ्यायचा नसतो. त्यामुळे कुणी उपवास केला तर त्याचं आतडं जास्तच रिकामं असेल, असंच मी समजत होते."

भाताचा चोथा एकदम संपतो, ती सांगत राहिली. मग सगळ्या कुप्या एकदम फुटतात. पण साबुदाणा, त्यातून गार झालेला, शिवाय दाणे, हे सहजी पचत नाहीत, मोठ्या आतड्यात थोडेथोडे उतरत राहतात. जिवाणू ना उपाशी मरत, ना पोटभर खात. अर्धपोटी राहतात. कोट्यवधींत एखाद्याची कुपी सदोष असतेच. एरवी तोही बाकीच्यांबरोबर वाहून गेला असता. पण अर्धपोटी दिवस लांबला की चांगल्या कुपीवाले एकेक करून मरतात, आणि फुटक्या नशिबाचा तो एक त्यांच्या वाट्याचं खाऊन वाढत जातो. दोन दिवसांत सगळं आतडं त्याच्या पोराबाळांचं होतं. आणि एका घरात राहणाऱ्या, एका हातचं जेवणाऱ्या माणसांचे जिवाणू एकमेकांकडे जातातच. ते कुणाला थांबवता येत नाही.

हर्षदाने ओल्या हातांना पदर गुंडाळला. समजा एखादीने केला असेल उपवास, तर तिचं पुढे काय करतात, असं तिने विचारलं.

तिला वेगळं ठेवायचं, समीना म्हणाली. स्वयंपाक बंद, घरातल्यांशी संबंध बंद. उपचाराला किती आठवडे लागतील ते अजून कुणालाच माहीत नाही. आणि घरात गरोदर बाई असेल तर तिला त्याच दिवशी तिथून हलवायचं.

मग तिने विचारलं. "तुम्ही त्या दिवशी उपवास केला होता का, काकू?"

आत ओवीने कूस बदलल्याचा आवाज आला. हर्षदाला त्या क्षणी एवढंच दिसलं की ओवीच्या बाळंतपणात आपण तिच्याजवळ नसणार. कुणीतरी परकी बाई तिचं डोकं मांडीवर घेणार. बाळाला पहिलं न्हाऊ कुणीतरी दुसरीच घालणार. "नाही गं," ती म्हणाली. "भातच खाल्ला मी."

समीनाने तिच्याकडे पाहिलं, मग मान खाली घातली. तरीही तपासणीसाठी नमुना द्या, म्हणून एक डबी ओट्यावर ठेवून गेली. ती डबी तशीच राहिली. भरायला पोटात काही हवं होतं ना?

दुसऱ्या दिवसापासून हर्षदाने हातमोजे घातले, हाताला चिरा पडल्यात म्हणून. ओवीला चमच्याने खायला लावलं. डबे बंद केले, अंगात कणकण आहे असं लोकांना कळवलं. उकळतं पाणी, साबण, फिनेल, जे सुचलं ते केलं. गणपतीसमोर बसली की तिला काय मागावं ते कळेना. ज्याच्यासाठी उपवास केला त्याच्याकडेच उपवासाची क्षमा कशी मागायची? आणि ओवीची मळमळ एकाएकी थांबली. ती चमच्यानेही खायला लागली, मग दोनदा वाढून घ्यायला लागली. शेजारच्या बायका म्हणाल्या, दोन जिवांची आहे, खाऊ दे. हर्षदा पुन्हा साबणाने हात धुवायला गेली.

सोनोग्राफीत बाळाचं वजन मागच्या वेळेइतकंच भरलं. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, खाणं वाढवा. घरी येऊन ओवी पातेल्यातला भात संपवून पातेलं बोटाने निपटत होती. तिच्या मनगटातली बांगडी कोपरापर्यंत सरकली होती. हर्षदा दारात उभी राहून पाहत होती, आणि आता आपण बोललो नाही तर हे बाळही जाईल, हे तिला लख्ख कळलं.

"ओवी, तू संडासला कधी गेली होतीस?"

ओवी हसली. काय विचारतेस, म्हणाली. मग आठवायला लागली, आणि आठवता आठवता तिचं बोट पातेल्यात थांबलं.

हर्षदाने सगळं सांगितलं. खिचडी, सिस्टर, समीनाला दिलेलं उत्तर. ती उभ्यानेच बोलली, खाली बसायचंही तिला सुचलं नाही. ओवीने मध्येच थांबवलं नाही की ती रडलीही नाही.

"उपवास केलास त्याचं मला काही नाही, आई," शेवटी ती म्हणाली. "माझ्यासाठीच केलास. पण समीनाताई आली तेव्हा मी जागी होते. सगळं ऐकत होते. तू भात म्हणालीस म्हणून मी निर्धास्त झाले. नाहीतर त्याच दिवशी गेले असते."

 हर्षदाने समीनाला फोन लावला.

त्याच संध्याकाळी दोघींना वेगवेगळ्या खोल्यांत ठेवलं. डबे घेणाऱ्यांचा शोध सुरू झाला, पण त्यांतले बरेचसे आपापल्या गावी परतले होते. कुणी जतला, कुणी विजापूरला, कुणी कोकणात. आपापल्या घरी ते आता जेवत असतील आणि पुन्हा वाढून घेत असतील. समीना एकदा बोलून गेली की मिरजेतल्या खाणावळींतून उष्टं निघेनासं झालंय. मग तिने विषय बदलला.

हर्षदावर उपाय सुरू झाला तो त्याच जुन्या पावडरीचा. आधी कडक औषधांनी जिवाणू मारायचे, मग रोज चार लिटर पाणी पिऊन आतडं धुऊन काढायचं, मग निरोगी माणसाचे जिवाणू आत सोडायचे. ती न थांबता पेले रिचवायची. ओकारी आली तर तोंड दाबून धरायची. सिस्टर म्हणायच्या, आजी, दमाने घ्या. तिला दमाने घ्यायचं नव्हतं.

ओवीला यातलं काहीच देता येत नव्हतं. बाळ पोटात असताना ती औषधंही चालत नव्हती आणि ते धुणंही. तिचं तोंडाने खाणं बंद करून नळीतून थेट रक्तात पोषण सुरू केलं, म्हणजे आतड्यातल्यांना काही मिळू नये. बाळ जरा वाढायला लागलं. पण भूक नळीने भागत नाही. फोनवर ओवी आधी हट्टाने भुकेचं नाव काढायची नाही. मग एक दिवस अगदी लहानपणीच्या आवाजात म्हणाली, "आई, एक घास दे ना गं." ज्या बाईने जन्मभर लोकांना वाढलं, तिने फोन कानाशी घट्ट धरला आणि नाही म्हटलं.

बाळ ऑपरेशनने काढायचं ठरलं होतं. बाळाला त्याचे पहिले जिवाणू आईकडूनच मिळतात, जन्मताना, अंगाला अंग लागून. त्यामुळे त्या वाटेने त्याला येऊच द्यायचं नव्हतं. पण ओवीचं पाणी आधीच गेलं, कळा धरल्या, आणि ऑपरेशनची तयारी होईपर्यंत मुलगी जन्मालाही आली. तिला लगेच आईपासून वेगळं करून पुसलं, धुतलं, औषधाचे थेंब दिले. तोवर हर्षदा तपासण्यांत निर्दोष ठरली होती. बाळाला जवळ घ्यायची परवानगी घरातल्या कुणाला असेल तर ती फक्त तिलाच होती. जावयाच्या तपासण्या अजून पुऱ्या झाल्या नव्हत्या, तो काचेबाहेरून पाहत असे.

पहिल्याच दिवशी बाळाला काळी, चिकट शी झाली. समीना स्वतः बघायला आली, आणि तिने हर्षदाचा हात हातात घेऊन दाबला. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. पोर गोरीपान होती, जावळ दाट होतं, नाक उमेशचं होतं.

त्यानंतर तिला पुन्हा शी झाली नाही.

आज सिस्टर वजनकाटा घेऊन आली. लंगोट सोडला तर नुसता ओला, बाकी स्वच्छ. पोर गुणाची आहे, कपडे खराब करत नाही, असं सिस्टर म्हणाली. ती नवीन होती. वजन जन्माच्या वेळेपेक्षा कमी भरलं. पहिले काही दिवस घटतंच, म्हणून तिने तेही हसण्यावारी नेलं आणि काटा उचलून गेली. हर्षदाने लंगोट उलटापालटा करून पाहिला, उजेडात धरून पाहिला. दुधाची बाटली नुकतीच संपली होती, आणि बाळ मान वळवून पुन्हा काहीतरी शोधत होतं.

भिंतीवरचा पडदा उजळला. ओवी होती. जन्मल्यापासून तिने मुलीला फक्त पडद्यावरच पाहिलं होतं. तिचे ओठ सुकले होते, पण ती हसत होती.

"आई, पोटभर प्यायली ना गं ती?"

हर्षदाने बाळाला जवळ घेतलं. हो म्हणणं फार सोपं होतं. हो म्हटलं असतं तर ओवी आजचा दिवस तरी शांत झोपली असती, आणि बाळ आजचा दिवस तरी हर्षदाच्या मांडीवर राहिलं असतं.

"सगळं दूध प्यायली," ती म्हणाली. "पण पोट भरलं नाही गं तिचं. समीनाला बोलावते मी."

पडद्यावर ओवीचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातला अर्थ निघून गेला. हर्षदाने घंटा दाबली. बाळाने तिची करंगळी तोंडात धरली होती, आणि ती सोडायला ते तयार नव्हतं.